व्यायामाचं अर्धं क्रेडिट

माझ्या मुलीचं हृदय ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी मी गप्प बसलो. एक आख्खी संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ती पोरगी समजत होती की आपल्या हृदयात काहीतरी बिघडलंय. तो बिघाड नेमका कुठे आहे हे ठाऊक असलेला घरातला एकमेव माणूस तिच्यासमोर बसून मुगाची खिचडी खात होता. दोनदा वाढून घेतली, असं बायको म्हणते. मला एकदाच आठवते.

मूळ घोटाळा त्याच्याही वर्षभर आधीचा, आणि तोही माझाच.

आम्ही तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात, हिगाशी-कसाईला राहतो. मुलगी सहावीपर्यंत जपानी शाळेत आणि पुढे जवळच्या भारतीय शाळेत शिकली. ती बारावीत गेली त्या जूनमध्ये माझ्या साहेबांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं की पुण्याच्या ऑफिसात तुमची बदली झाल्यात जमा आहे. ज्या कंपनीत मीटिंग पंधरा मिनिटं पुढे ढकलली तरी त्याचा कागद निघतो, तिथे चौदा वर्षं काढलेल्या माणसाने कॉरिडॉरमधल्या त्या एका वाक्यावर मुलीचं नाव शाळेतून काढलं. मग बदली जुलैची ऑगस्टवर गेली, ऑगस्टची दिवाळीनंतर, दिवाळीनंतरची नव्या वर्षात. आठ महिने आम्ही खोकी भरत होतो आणि कुकर हवा म्हणून पुन्हा उघडत होतो. फेब्रुवारीत शेवटी कागद आला, तो बदली रद्द झाल्याचा. त्याच महिन्यात तिच्या वर्गातल्या मुली बोर्डाची परीक्षा देत होत्या आणि आमची कन्या कुठल्याच शाळेच्या हजेरीपटावर नव्हती.

तिने भांडण केलं नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. "वाकात्ता," म्हणजे कळलं, एवढं जपानीत म्हणून ती खोलीत गेली आणि पंधरा दिवसांनी स्वतःच एक वाट शोधून बाहेर आली.

एक अमेरिकन ऑनलाइन हायस्कूल तिचे अकरावीपर्यंतचे मार्क धरायला तयार होतं. उरलेले सहा विषय केले की बारावी झाल्याचं प्रमाणपत्र. आणि चिबामध्ये एक कॉलेज होतं, तिथे झाडांचं आणि मातीचं शास्त्र इंग्रजीतून शिकवतात. त्यांनी तिला सप्टेंबरसाठी अटीवर जागा देऊ केली होती. अट अशी की प्रमाणपत्राचा मूळ कागद एकतीस जुलैच्या आत त्यांच्या टेबलावर हवा. नाही आला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. म्हणजे माझ्यापायी एक वर्ष गेलंच होतं, आता दुसरंही दारात उभं होतं.

"नऊ महिन्यांचा अभ्यास चार महिन्यांत करायचाय," ती म्हणाली. "होईल. पण बाबा, प्लॅन माझा मी करते."

इथेच मी हात जोडून बाजूला व्हायला हवं होतं. पण मला अपराधी वाटत होतं, आणि अपराधी वाटलं की काही माणसं देवळात जातात, मी एक्सेल उघडतो. ऑफिसात माझं कामच ते. कोणाला उशीर होणार आहे हे त्याला स्वतःला कळायच्या आत मी ते रंगवून दाखवतो, हिरवं, पिवळं, लाल. एका रविवारी बसून मी एकतीस जुलैपासून उलटं मोजत आलो. कुरिअरचे दिवस, शाळेला प्रमाणपत्र तयार करायला लागणारे दहा कामाचे दिवस, मध्ये एखादी अमेरिकन सुट्टी. सगळं वजा जाता नऊ जुलैला सहाही विषय संपायला हवेत असं निघालं. मग एकशे अठरा ओळींचा तक्ता केला. रोज सकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलापाशी सात मिनिटांची मीटिंग ठेवली, उभ्याने.

"उभ्याने कशाला? खुर्च्या आहेत की," बायको म्हणाली.

उभं राहिलं की मीटिंग लवकर संपते, असं मी तिला समजावलं.

"म्हणजे इतकी वर्षं तू ऑफिसातून उशिरा येतोस तो खुर्च्यांमुळे," ती म्हणाली आणि डबा भरायला लागली.

मुलगी तोंडात ब्रश घेऊन मीटिंगला उभी राहायची. काल काय झालं, आज काय होणार, कुठे अडलंय. तिसऱ्या प्रश्नाला ती ब्रशनेच माझ्याकडे बोट दाखवायची. मला तो विनोद वाटायचा.

इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र हे सुरळीत चाललं होतं. संख्याशास्त्र तिला आवडायचं. रसायनशास्त्र मात्र तिला खात होतं. आणि सहावा विषय होता व्यायाम, अर्ध्या क्रेडिटचा. यात हसण्यासारखं काही नाही, ते अर्धं नसेल तर बाकीच्या सगळ्याला कोणी विचारत नाही. साठ तास व्यायाम करायचा, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधून. चाला, धावा, सायकल चालवा, पण दिवसाचे दीड तासच धरणार. घड्याळातली नोंद दर आठवड्याला शाळेच्या साइटवर चढवायची. ते चढवण्याचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. तेवढाच तुझा वेळ वाचेल, म्हणालो. पासवर्ड देताना तिने जरा विचार केला होता, तो मला दिसला होता.

ती आठवड्यातून तीनदा धावायची. बाकीचे चार दिवस ते जांभळ्या पट्ट्याचं घड्याळ दारातल्या चपलांच्या कपाटावर चार्जिंगला पडलेलं असायचं. माझ्या तक्त्यात व्यायामाची ओळ पिवळ्याची लाल व्हायला लागली होती. मला कंपनीच्या वार्षिक तपासणीत पोट कमी करायला सांगितलेलं असल्यामुळे मी सकाळी चालायला जातच होतो. एका मंगळवारी बूट घालताना माझा हात आपोआप त्या घड्याळाकडे गेला. आपोआप हे मी बायकोला सांगितलेलं. खरं म्हणजे आदल्या दिवशी ट्रेनमध्ये मी हिशेब करून ठेवला होता की चार दिवस मी दीड-दीड तास चाललो तर तिला रसायनशास्त्राला आठवड्याचे सहा तास मोकळे मिळतात. ऑफिसात एकाचं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, त्याला आम्ही रिसोर्स बॅलन्सिंग म्हणतो. फसवणूक हा शब्द माझ्या डोक्यात आलाच नाही, आणि लाज वाटते ती जास्त याची. आला असता आणि मी तो हाकलून लावला असता, तर निदान आला होता असं म्हणता आलं असतं.

जांभळा पट्टा माझ्या मनगटाला शेवटच्या भोकात बसायचा. जुन्या एदोगावा नदीच्या बांधावरून मी चालायचो, घामाघूम होऊन, एका वेगळ्याच समाधानात. बापाने लेकीसाठी चालायचं, यात मला काहीतरी उदात्त दिसत होतं. बांधावर चढायला चाळीसेक पायऱ्या आहेत. वर पोचलो की कठड्याला धरून उभा राहायचो आणि समोरच्या पाण्याचं कौतुक करतोय असं दाखवायचो.

तक्ता हिरवा झाला. मे महिन्याच्या शेवटी मुलीने तो पाहिला आणि भुवया उंचावल्या. "एवढे तास झाले माझे?"

"तू मोजत नाहीस, मी मोजतो," मी म्हणालो. या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी नंतर खूपदा तपासून पाहिलंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी घरून काम करत होतो त्या दिवशी, ती लॅपटॉप हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आली. व्यायामाच्या बाईंचं पत्र होतं, थेट तिला. बाईंनी फार प्रेमाने लिहिलं होतं. तुझ्या नोंदी मी नीट पाहते आहे. काही दिवस तू वेगाने धावतेस आणि नाडी अगदी छान असते. पण काही दिवस नुसत्या चालण्याने, तेही सावकाश चालण्याने, ठोके इतके वर जातात की मला काळजी वाटते. एकाच मुलीच्या हृदयात एक दिवसाआड एवढा फरक पडणं बरोबर नाही. कृपा करून सगळा व्यायाम ताबडतोब थांबव आणि डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत पुन्हा सुरू करू नकोस.

मी ते दोनदा वाचलं. माझं वय एकोणपन्नास, आणि अमेरिकेतल्या कोणा बाईंनी मला सतरा वर्षांची आजारी मुलगी समजून माझ्या तब्येतीची विचारपूस केली होती.

"आजीलाही हृदयाचं होतं ना?" मुलीने विचारलं.

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं, की यंत्राची चूक असेल, स्वस्तातली घड्याळं अशीच असतात. मग बायको कामावरून आली, तिने पत्र वाचलं, चप्पलही न काढता फुनाबोरीच्या दवाखान्यात फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ घेतली. त्या संध्याकाळी मुलीला कोणी काही उचलू दिलं नाही. ती सोफ्यावर आडवी होऊन, गळ्यापाशी दोन बोटं लावून, ओठ हलवत स्वतःचे ठोके मोजत होती. मी खिचडी खाल्ली. सकाळची मीटिंग झाली नाही. तिसऱ्या मजल्यावरून नेहमी धाडधाड पायऱ्या उतरणारी मुलगी लिफ्टची वाट बघत उभी राहिली. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मनात हे ठरवत होतो की ईसीजी चांगला येईल, डॉक्टर पत्र देतील, पत्र शाळेला जाईल आणि काहीच बोलावं लागणार नाही. एवढ्यावरही माझं प्लॅनिंग थांबलं नव्हतं.

ईसीजी चांगलाच आला. आमचे डॉक्टर सत्तरीचे, कमी बोलणारे. माझं जपानी ऑफिसपुरतं, बायकोचं बाजारापुरतं, त्यामुळे दवाखान्यात, बँकेत, वॉर्ड ऑफिसात मुलगीच आमची दुभाषी. ती दहा वर्षांची असल्यापासून. डॉक्टरांनी तिने दाखवलेल्या घड्याळाच्या नोंदी फोनवर पाहिल्या, एकदा वर, एकदा खाली, आणि काहीतरी म्हणाले.

मुलीने आमच्याकडे वळून मराठीत सांगितलं, "ते म्हणतायत, इथे सगळं ठीक दिसतंय, पण या नोंदी बघून ते सोडून देऊ शकत नाहीत. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतील. तिथे तपासण्यांना दोनतीन आठवडे लागतील." मग आवाज जरा खाली गेला. "तोपर्यंत धावायचं नाही. म्हणजे जुलै गेला."

ती रडली नाही. फोन उचलून पिशवीत ठेवायला लागली.

"डॉक्टरांना सांग," मी म्हणालो, "की ते ठोके तुझे नाहीत."

"मग कोणाचे?"

"माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार. मी घालून चालत होतो."

मागच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "काय म्हणालास?" पण तिला ऐकू आलेलं होतं. डॉक्टर मुलीकडे पाहत थांबले होते, कारण दुभाषी गप्प झाली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली, पाठ ताठ केली आणि मोठ्यांशी बोलायच्या त्या आदबशीर जपानीत सावकाश सांगितलं. मला तेवढं समजलं. वडील म्हणतात की या नोंदी त्यांच्या हृदयाच्या आहेत. माझं घड्याळ त्यांनी घातलं होतं. शाळेला त्या माझ्या म्हणून पाठवल्या. काल रात्री हे आम्हाला माहीत नव्हतं.

शेवटची दोन वाक्यं मी बोललो नव्हतो. ती तिने स्वतःहून घातली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे, आणि दोन शब्द बोलले.

"बाबाने झोपायचं," मुलीने मराठीत सांगितलं.

मी त्याच पलंगावर झोपलो. पडद्यापलीकडून माझ्या मुलीचा आवाज येत होता, शर्ट वर कर, घड्याळ काढ, श्वास रोखू नकोस, सगळं कोरड्या सुरात, जणू रेल्वे स्टेशनवरची घोषणा. डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की हृदय ठीक आहे, माणूस सुस्त आहे, चालणं सोडू नका, पण स्वतःच्या नावाने चाला. यातलं शेवटचं डॉक्टरांचं की दुभाषीचं, हे मी अजून विचारलेलं नाही.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या तक्त्यात एक रकाना लाजेचा ठेवायचास."

मुलीने कोरे कागद आणून माझ्यापुढे ठेवले आणि जपानी शाळेतली पद्धत सांगितली. तिथे चुकलेल्या मुलाला शिक्षा कमी आणि लिहायला जास्त लावतात. त्याला हानसेइबुन म्हणतात. काय केलं ते स्वतःच्या हाताने लिहायचं. चौथीत सशाच्या पिंजऱ्याची कडी लावायला ती विसरली होती तेव्हा तिनेही लिहिलं होतं. तू लिही, मी माझं पत्र लिहिते, दोन्ही आज बाईंना जातील, असं ती म्हणाली.

लिहिण्यात मी पटाईत. जपानी क्लायंटला माफीची पत्रं लिहिण्यात हयात गेलेली. अर्ध्या तासात दोन पानं दिली. घटना, मूळ कारण, पुन्हा घडू नये म्हणून योजना, असे तीन मथळे. तिने पेन्सिल घेतली. "'वेळापत्रकाच्या दडपणामुळे संबंधित व्यक्तीकडून अनवधानाने.' ही संबंधित व्यक्ती कोण?"

दुसऱ्या खेपेला मी 'मी' लिहिलं. पण पुढे 'मुलीच्या भविष्याच्या काळजीपोटी' असं होतं. तिने तेही खोडलं. "हे कारण नाहीये बाबा. ही तुझी स्वतःची स्तुती आहे."

तिसऱ्या खेपेला एकच परिच्छेद उरला. तो तिने बराच वेळ वाचला. मला वाटलं, सुटलो.

"कालची संध्याकाळ कुठे आहे?" तिने विचारलं.

"त्याचा शाळेशी काय संबंध?"

"शाळेशी नाही. माझ्याशी आहे."

चौथ्या खेपेला मी दोन कागद लिहिले. इंग्रजीतला बाईंसाठी, पाच वाक्यांचा. दुसरा तिच्यासाठी, मराठीत. घड्याळ मी का घातलं ते त्यात नव्हतंच. तू गळ्याला बोटं लावून मोजत होतीस तेव्हा मला खरं माहीत होतं, आणि मी बोललो नाही कारण मला पकडलं जायची भीती तुझ्या भीतीपेक्षा मोठी वाटली, असं लिहिलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. ओळीखाली बोट सरकवत, जोडाक्षरापाशी थांबत तिने ते वाचलं. मी समोर बसून प्रत्येक अक्षराला थांबणारं ते बोट बघत होतो. वाचून झाल्यावर तिने घडी घातली आणि खोलीत घेऊन गेली. पेन्सिल लावली नाही.

शाळेचं उत्तर यायला आठवडा गेला. तो आठवडा मी तक्ता उघडला नाही. शाळेने तिला काढून टाकलं असतं तर नियमात बसलं असतं, हे आम्ही तिघांनी वेगवेगळं वाचलं होतं आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं. शेवटी बाईंनी आम्हाला व्हिडिओवर बोलावलं. मला फक्त एकदा बोलायला दिलं, तेही 'हो, मीच' एवढंच. निर्णय असा झाला की माझे सगळे तास रद्द, तिचे बावीस तास कायम, खात्याचा पासवर्ड बदलायचा आणि तो वडिलांना द्यायचा नाही. अडतीस तास उरले. दिवसाला दीड तास धरला तर सव्वीस दिवस, आणि चौदा जूनपासून नऊ जुलैपर्यंत बरोबर सव्वीसच दिवस होते. एकही दिवस सुटला असता तर ती फार तर अर्ध्या तासाने चुकली असती, पण चुकली असती.

तिने भिंतीवर वाणसामानाच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर लावलं आणि शिसपेन्सिलीने त्यात रोज एक रेघ ओढायला लागली. पाऊस असेल तेव्हा वॉर्डाच्या व्यायामशाळेत जायची, नसेल तेव्हा बांधावर. एकदा मी भीत भीत विचारलं, सोबत येऊ का, नुसता मागून चालेन. ती म्हणाली, नको, तू मागून धापा टाकतोस ते मला ऐकू येईल. हे तिने हसून म्हटलं असतं तर मी घराबाहेर चार लोकांना सांगितलं असतं. तिने हसून म्हटलं नव्हतं. रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर तिने धावून आल्यावर, ओल्या केसांनी दिला, आणि त्यात जेमतेम पास झाली. त्या मार्कांमधली पडझड माझ्या खात्यावर आहे. तिथे ती कोणी लिहिलेली नाही, तिच्या मार्कशीटवर लिहिलेली आहे.

नऊ जुलैला शेवटची रेघ पडली. प्रमाणपत्र सत्तावीस जुलैला दुपारी आलं, पुठ्ठ्याच्या पाकिटात. कॉलेजला ते टपालाने पाठवायचं नाही, स्वतः नेऊन द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. मी बूट घालायला लागलो. ती म्हणाली, "तू राहा. आई येतेय." मी बूट काढले.

दोघी संध्याकाळी परत आल्या. तिच्या हातात पोच होती, शिक्का मारलेली, वर तिचा विद्यार्थी क्रमांक. तिने ती मला बघायला दिली. मी दोन्ही हातांनी धरली, जपानी लोक धरतात तशी, आणि परत दिली. बायको हातपाय धुवायला गेली. आम्ही दोघंच टेबलापाशी होतो, बसलेले.

"तो कागद," मी म्हणालो. "मराठीतला. तू त्यावर काही बोलली नाहीस."

"वाचला ना मी."

"म्हणजे माफ केलंस का?"

ती पोच घडी न घालता पारदर्शक फोल्डरमध्ये सरकवत होती. तिने कोपरे जुळवले.

"अजून ठरवलं नाहीये," ती म्हणाली.

कधीपर्यंत, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. पहिल्यांदाच मी तारीख मागितली नाही. उठून कुकर लावला.